जुना ट्रॅक्टर भंगारात काढण्याआधी डिझेल मोजा

डिझेल महागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. विक्रेता म्हणतो, नवं मोठं मॉडेल घ्या, इंजिन जास्त कार्यक्षम आहे. गावातला अनुभवी चालक म्हणतो, जुना लहानच बरा, पितो कमी. दोघांकडेही अर्धंच सत्य आहे. इंजिनाची कार्यक्षमता कागदावर पूर्ण भाराखाली मोजली जाते आणि शेतातलं काम त्या भारावर क्वचितच चालतं. उलट ‘तासाला कमी पितो’ यावरून हेक्टरी किती पितो हे कळत नाही. माझं म्हणणं असं की बहुतेक हलक्या आणि मध्यम कामांसाठी लहान, जुना पण दुरुस्त ट्रॅक्टर ठेवणं इंधनाच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे. मात्र तो जुना आहे म्हणून डिझेल वाचत नाही. तो कामाच्या मापाचा असतो म्हणून वाचतं, आणि तेही तो नीट राखला असेल तरच.

आधी भाराचं गणित बघू. विक्रेत्यांच्या फुगवलेल्या दाव्यांना आळा बसावा म्हणून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून ट्रॅक्टरची सक्तीची चाचणी आणली. १९२० पासून तिथे चाचण्या चालू आहेत. त्या आकड्यांवरून डिझेल ट्रॅक्टरसाठी एक साधं सूत्र बांधलं गेलं आहे: पूर्ण आरपीएमवर तासाला लागणारे लिटर = (०.२२ × भाराचा अंश + ०.०९६) × पीटीओवरची (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरची) कमाल किलोवॅट ताकद. यातला ०.०९६ हा आकडा नीट बघण्यासारखा आहे. ट्रॅक्टर काहीही काम करत नसताना, नुसतं इंजिन पूर्ण फेऱ्यांवर ठेवलं, तरी एवढं डिझेल जातंच. पिस्टनचं घर्षण, पंखा, हायड्रॉलिक पंप, ऑइल पंप यांना ते लागतं. पीटीओवर ६७ किलोवॅट म्हणजे सुमारे ९० अश्वशक्ती देणारा ट्रॅक्टर असा फुकटचे ६.४ लिटर घेतो. २६ किलोवॅटचा, म्हणजे ३५ अश्वशक्तीचा, अडीच लिटर घेतो.

आता दोघांना १२ किलोवॅटचं काम द्या. फवारणी, पेरणी, हलकी कोळपणी किंवा चारा आणणं साधारण या टप्प्यात बसतं. मोठ्यावर १८ टक्के भार येतो आणि तो तासाला ९ लिटर घेतो. लहानावर ४६ टक्के भार येतो, त्याला ५ लिटर लागतात. जुन्या इंजिनाची झीज आणि जुनी रचना धरून त्याला १० ते १५ टक्के जास्त द्या, तरी तो सहाच्या आत राहतो. तासाला तीन लिटरचा फरक आहे, आणि इथपर्यंत लहान-जुन्याची बाजू भक्कम दिसते.

पण मोठ्याच्या चालकाने वरचा गियर टाकून इंजिनाचा वेग ठरवणारी हातमूठ (थ्रॉटल) खाली ओढली आणि इंजिनाच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी उतरवल्या, तर त्याच सूत्राच्या, कमी फेऱ्यांचा हिशेब धरणाऱ्या पुढच्या भागानुसार (तो वर दिलेला नाही) त्याचा खप ६ लिटरच्या आसपास येतो. म्हणजे नव्या मोठ्यालाही चालवायला येणारा माणूस मिळाला की तो जुन्या लहानाच्या जवळपास बरोबरीत उभा राहतो. छोट्या ट्रॅक्टरची वकिली करणारे हा भाग सांगत नाहीत. त्यामुळे नवा किंवा लहान ट्रॅक्टर शोधायला निघण्याआधी आहे त्याच ट्रॅक्टरवर ‘गियर वर, मूठ खाली’ करून बघावं, त्याला पैसा लागत नाही.

यात एक गैरसमज आड येतो. जुन्या डिझेल ट्रॅक्टरची मूठ थेट डिझेलचं प्रमाण ठरवत नाही, ती फेऱ्या ठरवते. गव्हर्नर त्या फेऱ्या टिकवण्यासाठी भाराप्रमाणे डिझेल कमी-जास्त करतो. म्हणून मूठ खाली घेतल्यावर ताकद लगेच संपत नाही, ती हळूहळू कमी होते आणि हलक्या कामाला पुरून उरते. मर्यादा ओळखायची खूण सोपी आहे. काम चालू असताना मूठ झटकन वर करा. इंजिनाने लगेच फेऱ्या घेतल्या तर गियर योग्य आहे. ते कण्हत राहिलं, काळा धूर निघाला, तर एक गियर खाली या. इंजिन रेटून चालवलं तर वाचलेलं डिझेल बेअरिंग आणि पिस्टनच्या खर्चात निघून जातं.

मूठ खाली करायची सोय पीटीओच्या कामात नसते. ५४० फेऱ्यांचा पीटीओ जुन्या ट्रॅक्टरवर इंजिनाच्या ठरावीक, बऱ्यापैकी वरच्या फेऱ्यांवरच मिळतो. पंप, फवारा, मळणी यंत्र त्या फेऱ्या मागतात. मोठ्या ट्रॅक्टरला कमी इंजिन फेऱ्यांवर ५४० देणारा ‘इकॉनॉमी’ पीटीओ नसेल, तर १० किलोवॅटच्या फवाऱ्यासाठी तो पूर्ण फेऱ्यांवर गुरगुरत राहतो आणि वरचे ६.४ लिटर दर तासाला मोजावेच लागतात. लहान ट्रॅक्टरची सगळ्यात मोठी बचत या कामात होते. मोठ्याला आणखी एक त्रास असतो. धूर गाळणारा फिल्टर बसवलेली नवी इंजिनं सतत हलक्या भारावर चालली तर एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, फिल्टर काजळीने भरतो आणि तो जाळून मोकळा करायला वेगळं डिझेल जातं.

दुसरी बचत वजनाची. नांगरलेल्या मोकळ्या मातीत चाक लोटायलाच वजनाच्या साधारण ८ टक्के ओढ लागते, कडक जमिनीवर त्याहून बरीच कमी. मोठा ट्रॅक्टर लहानापेक्षा ३ टनांनी जड असेल तर ताशी ५ किलोमीटर वेगाला नुसतं ते जास्तीचं वजन पुढे न्यायला सव्वातीन किलोवॅट खर्ची पडतात. डिझेलमध्ये हे तासाला एक ते सव्वा लिटर होतं. अवजार तेच, काम तेच, फक्त लोखंड जास्त. शिवाय त्या वजनाने दाबलेली माती पुढच्या हंगामात पुन्हा फोडावी लागते, तो खर्च नांगराच्या खात्यात लपतो.

मग हलका ट्रॅक्टर ओढतो कसा? अभियंता हॅरी फर्ग्युसनने बसवलेल्या तीन-बिंदू जोडणीत (अवजार तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडण्यात) आणि ड्राफ्ट कंट्रोलमध्ये, म्हणजे ओढीप्रमाणे अवजार वरखाली करणाऱ्या यंत्रणेत, याचं उत्तर आहे. १९४६ ते १९५६ या काळात बनलेला त्याचा टीई-२० ट्रॅक्टर जेमतेम ११०० किलोचा होता आणि तरी दोन फाळी नांगर ओढत असे. अवजाराची ओढ वाढली की जोडणीच्या वरच्या दांड्यावर (वरच्या लिंकवर) दाब येतो, तो दाब हायड्रॉलिकच्या झडपेपर्यंत पोचतो आणि अवजार किंचित उचललं जातं. त्या क्षणी अवजाराचं आणि पुढच्या चाकांचं काही वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणजे पकड लागते नेमकी तेव्हाच ती मिळते. आजही ही रचना जवळपास प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरवर आहे. दुर्दैव असं की बहुतेक चालक ड्राफ्टचा लिव्हर एका टोकाला बांधून ठेवतात आणि फक्त खोलीचा लिव्हर वापरतात. मग चाकं घसरतात, आणि घसरतात म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी आणि चाकावर लोखंड भरलं जातं. ते वजन पेरणीलाही जातं, बाजारालाही जातं. ड्राफ्ट कंट्रोल चालत नसेल तर आधी वरच्या लिंकच्या पिना आणि भोकं बघा. भोक अंड्यासारखं झालं असेल तर दाबाचा संदेश अर्धा तिथेच मरतो. वरच्या लिंकच्या मागची संवेदक स्प्रिंग सैल झाली असेल तर अवजार विनाकारण वरखाली नाचतं.

घसरण मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करा, अवजार उचलून त्याच शेतात चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा, समजा ३८ मीटर. आता अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या. अंतर ३३ मीटर आलं तर घसरण १३ टक्के. फक्त मागच्या दोन चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के योग्य. ५ टक्क्यांच्या खाली असेल तर वजन जास्त आहे, काढा. २० च्या वर असेल तर डिझेलचा पाचवा हिस्सा टायर झिजवण्यात चालला आहे. मग ओढ कमी करा किंवा त्या कामापुरतं वजन टाका. टायरमध्ये रस्त्यावरची कडक हवा ठेवून शेतात उतरणं हीही जुनी खोड. शेतात मागच्या टायरला उत्पादकाने त्या वजनासाठी दिलेला कमीत कमी दाब पुरतो आणि तळवा रुंद बसतो.

आता लहान ट्रॅक्टर हरतो ते काम. २० सेंटिमीटर खोल नांगरट घ्या. ३० सेंटिमीटरचे दोन फाळ म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर मातीची कड. मध्यम जमिनीत चौरस सेंटिमीटरला ५ न्यूटन धरले तर ओढ ६ किलोन्यूटन. ताशी साडेचार किलोमीटरला नांगर साडेसात किलोवॅट मागतो, आणि चाक-मातीतला तोटा धरून पीटीओच्या मापाने १२ किलोवॅट लागतात. वळणं धरून तासाला ०.२२ हेक्टर होतं, हेक्टरी २३ लिटर, जुन्या इंजिनाला २५-२६. पाच फाळांचा मोठा ट्रॅक्टर ६ किलोमीटर वेगाने, वाढीव वेगाची ओढ धरूनही, हेक्टरी २२ च्या आसपास राहतो आणि काम तिप्पट लवकर संपवतो. भारी काळ्या मातीत ओढ ८ न्यूटनपर्यंत गेली की लहानाची अडचण वेगळीच होते. ९.६ किलोन्यूटन म्हणजे जवळपास १ टन ओढ, आणि ट्रॅक्टरचं वजनच पावणेदोन-दोन टन. ताकद शिल्लक असते पण पकड संपते. तेव्हा खोल नांगरटीसाठी लहान ट्रॅक्टर रेटणं हा हट्ट आहे. ते काम भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरला द्यावं.

पण त्या आधी ते काम हवंच आहे का, हे विचारायला हवं. एका हेक्टरमध्ये १ सेंटिमीटर खोली म्हणजे १०० घनमीटर, १३० ते १५० टन माती. २० ऐवजी १५ सेंटिमीटरवर भागत असेल तर हेक्टरी साडेसहाशे ते साडेसातशे टन माती उलटायची वाचते. डिझेलचा एवढा मोठा तुकडा कुठल्याही इंजिनाच्या सुधारणेत सापडणार नाही. मोठा ट्रॅक्टर घरात आला की खोली आपोआप वाढते. ताकद आहे तर वापरू, असं होतं. रोटाव्हेटरचंही तेच. बियाण्याला हवी त्यापेक्षा पिठासारखी माती करण्यात पीटीओ तासन्‌तास जळतो आणि पहिल्या पावसात त्याच मातीवर पापडी धरते. लहान ट्रॅक्टरची मर्यादा इथे उलट उपयोगी पडते, गरजेपेक्षा जास्त करायची सोयच राहत नाही.

जुनेपणाकडे वळू. ‘जुनं इंजिन जास्त पितं, म्हणून मोडीत काढा’ या युक्तिवादात ट्रॅक्टर बनवायला लागलेली ऊर्जा कुणी धरत नाही. यंत्राच्या किलोमागे ६५ मेगाज्यूल ही शेती-ऊर्जेच्या हिशेबात नेहमी वापरली जाणारी संख्या घ्या. २ टनांचा नवा ट्रॅक्टर म्हणजे १३० गिगाज्यूल. डिझेलच्या लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात, म्हणजे ३६०० लिटर डिझेल कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच खर्च झालं. नव्या इंजिनाने तासाला ०.६ लिटर वाचवलं तर ते फिटायला ६००० तास लागतील. वर्षाला ५०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरची ही बारा वर्षं झाली. जुन्याचं लोखंड वितळवून परत वापरात येतं हे वजा केलं तरी हिशेब उलटत नाही. उलट जुन्याचं इंजिन बांधायला लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळून काही डझन किलो धातू पुरतो.

अट एकच, इंजिन खरंच दुरुस्त हवं. जुन्या ट्रॅक्टरच्या नावावर खपणारं बरंचसं डिझेल वयाचं नसतं, दुर्लक्षाचं असतं. सगळ्यात जास्त दिसणारा दोष थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा. उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री तो काढून टाकतो आणि कुणी परत बसवत नाही. इंजिन मग ८० अंशांऐवजी ५०-६० वर चालतं. सिलिंडरची भिंत थंड, तिथे डिझेल पुरतं जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, लायनर झिजतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरतं आणि भर कामात गाडी उलट जास्त तापते. तापण्याचं खरं कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, सैल पट्टा किंवा आत साचलेला क्षार असतो. थर्मोस्टॅट तपासायला तो दोरीने बांधून गरम पाण्यात सोडावा, शेजारी तापमापक ठेवावा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला तर चांगला.

दुसरा दोष नोजलचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाचा. नोजल काढून हातपंपावर लावल्यावर पुस्तिकेतल्या दाबाला ते उघडायला हवं, फवारा धुक्यासारखा आणि सगळ्या भोकांतून सारखा यायला हवा आणि दाब सोडल्यावर टोक कोरडं राहायला हवं. टोकावर थेंब लटकला तर तो थेंब इंजिनात उशिरा, अर्धवट जळतो. फवाऱ्यापुढे हात कधीही नेऊ नये, एवढ्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. परत बसवताना खाचेतला जुना तांब्याचा वॉशर निघाला का ते टॉर्च लावून बघावं. तो तळाशी चिकटून राहतो, वर नवा पडतो आणि दोन वॉशरमुळे नोजलचं टोक वर राहून फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी जातो. धूर, खप दोन्ही वाढतात आणि दोष नव्या नोजलवर येतो.

तिसरा, नोजलला डिझेल पुरवणारा पंप ‘वाढवून’ घेणं. कमाल डिझेलचा स्क्रू पिळला की ट्रॅक्टर पळतो, पण हवा तेवढीच असल्याने जास्तीचं डिझेल काळ्या धुरात जातं. पंप कंपनीच्या मापावर आणून सील करून घ्यावा आणि बसवताना पंपाच्या फ्लॅंजवरची रेघ समोरच्या रेघेशी जुळवावी. टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, मागे पडलं की ताकद उतरते आणि चालक नकळत मूठ वर सरकवतो. बाकी गोष्टी किरकोळ पण रोजच्या: ऑइल बाथ एअर क्लीनरच्या (ऑइलने हवा गाळणाऱ्या भांड्याच्या) वाटीतलं ऑइल खुणेपर्यंत आणि स्वच्छ, टॅपेटची (झडपांची) फट पुस्तिकेच्या मापाने, ब्रेक चिकटत नाहीत ना हे चाक उचलून हाताने फिरवून बघणं.

जुन्याच्या विरोधातले दोन मुद्दे मात्र मला मान्य आहेत. त्याचा धूर नव्यापेक्षा घातक असतो, डिझेल कमी जळलं म्हणून काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्याच प्रमाणात कमी होत नाहीत. म्हणून गोठ्यात, शेडमध्ये, बंद जागेत त्याला चालू ठेवू नये. आणि उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर नसते. अशी चौकट आणि तिच्यासोबत सीटबेल्ट बसवणं, पीटीओच्या दांड्यावर नळी-आवरण घालणं हे डिझेलच्या कुठल्याही हिशेबाआधी व्हायला हवं. ते होत नसेल तर तो ट्रॅक्टर चढ-उताराच्या जमिनीवर चालवायला माझा विरोध आहे, बचत कितीही असो.

खप मोजण्याची पद्धत साधी आहे, पण तीत लोक हमखास चुकतात. ट्रॅक्टर सपाट, ठरलेल्या जागी उभा करून टाकी गळ्यापर्यंत भरा, फेस बसेपर्यंत थांबा, पुन्हा भरा. ठरलेलं क्षेत्र करून त्याच जागी, त्याच दिशेने उभा करा आणि मापाने भरा. मात्र दिवसभर चाललेल्या ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल परतीच्या नळीने गरम होऊन फुगतं. ५० लिटर डिझेल २० अंशांनी तापलं तर सुमारे ०.८ लिटर जास्त दिसतं, म्हणजे भरणा तेवढा कमी होतो आणि खप कमी वाटतो. म्हणून दुसरा भरणा दुसऱ्या दिवशी सकाळी, गार झाल्यावर करावा. प्रत्येक कामाचे हेक्टरी लिटर वहीत वेगळे लिहावेत. तासाला लिटर लिहून उपयोग नाही, रिकामा उभा ट्रॅक्टर त्यात नेहमी जिंकतो.

धोरणात नेमकी हीच वही कुठे दिसत नाही. यांत्रिकीकरणाची प्रगती एकूण अश्वशक्तीत मोजली, तर मोठा ट्रॅक्टर विकणं म्हणजे प्रगती ठरते. वयावर भंगार ठरवलं, तर नीट राखलेला तीस वर्षांचा ट्रॅक्टर जातो आणि पंप वाढवून काळा धूर ओकणारा आठ वर्षांचा राहतो. वयाऐवजी तपासणी हवी. भाराखाली धुराची घनता, पीटीओ डायनामोमीटरवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दिलेल्या ताकदीला लागलेलं डिझेल, ब्रेक आणि उलटण्यापासून वाचवणारी चौकट, अशा चार नोंदी एका दुपारी होतात. नव्या ट्रॅक्टरला मदत देणारी योजना असेल तर तिचा काही हिस्सा नोजल तपासणी, पंप कॅलिब्रेशन आणि सुरक्षा चौकटीला मिळावा, आणि खोल नांगरटीसाठी सामायिक मोठा ट्रॅक्टर भाड्याने मिळण्याची सोय व्हावी. तपासणीत नापास झालेला, दुरुस्तीचा खर्च न परवडणारा ट्रॅक्टर मग खुशाल मोडीत जावा. त्याची गियरपेटी, हायड्रॉलिक, रिम आणि मागचा एक्सल आधी सुटे काढून ठेवावेत, त्यांच्यावर त्याच मॉडेलचे आणखी दोन-तीन ट्रॅक्टर चालतील.